ड्रायव्हरची सेटिंग बदलली की दोन दिवस सरळ, तिसऱ्या दिवशी पुन्हा स्लाइस: दोष शोधायचा कुठे?

"भाऊ, स्क्रू सोडला, लॉफ्ट एक खण वर घेतला, दोन दिवस चेंडू एकदम सरळ गेला. आता परत उजवीकडंच पळतोय. ड्रायव्हरच बदलू का?"

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या पट्ट्यात गोल्फ खेळणारे आम्ही मोजकेच, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाने हा प्रश्न मला कधी ना कधी विचारलाय. ड्रायव्हर म्हणजे लांब मारायची सगळ्यात लांब काठी, लॉफ्ट म्हणजे तिच्या पुढच्या बाजूचा मागे झुकलेला कोन, आणि स्लाइस म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा चेंडू. धुळ्याच्या मित्राचा फोन आला की मी "काय व्हयनं भाऊ?" म्हणायच्या आधीच तो सेटिंगचा आकडा सांगायला लागतो. मी स्वतः या चक्रात दीड वर्ष अडकलो होतो. त्यातून बाहेर कसा पडलो, कशाच्या आधी काय तपासलं, ते सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. मी उजव्या हाताने खेळतो, त्यामुळे डावं-उजवं त्या हिशेबाने वाचा. डावखुऱ्यांनी उलटं धरायचं.

माझा धंदा ठिबकचा. शेतकरी फोन करतो, शेवटच्या ओळीला पाणी येत नाही. नवखा फिटर असला की तो थेट शेवटच्या ओळीतले ड्रिपर उपटून नवे बसवतो. दोन दिवस पाणी येतं, मग पुन्हा बंद. जुना माणूस आधी विहिरीवर जातो, फिल्टर उघडतो, गेजवर प्रेशर बघतो, मग सबमेन, मग लॅटरल, आणि सगळ्यात शेवटी ड्रिपर. ड्रायव्हरचा स्क्रू हा तो शेवटचा ड्रिपर आहे. आपण मात्र तिथूनच सुरुवात करतो, कारण पाना हातात असतो आणि फिरवणं सोपं असतं.

आधी तक्रार नीट लिहा

"उजवीकडे जातो" एवढ्यावर काही ठरत नाही. चेंडू निघतो कुठून आणि वळतो कुठे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हरच्या बाबतीत चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे बहुतांशी टकरीच्या क्षणी फेस (चेंडूवर आदळणारी पुढची बाजू) कुठे बघतोय त्यावर ठरतं. पुढे तो किती वळणार, हे फेस आणि स्विंगची वाट (हेड, म्हणजे काठीचं डोकं, ज्या दिशेने येतं ती) यांच्यातल्या कोनावर, आणि चेंडू फेसच्या कोणत्या जागी लागला त्यावर.

आमचा सराव शेतात चालतो. कापूस निघाला, पऱ्हाटी उपटून झाली की पाच एकराचा तुकडा मोकळा होतो, लांबी साधारण 220 मीटर. तिथे मी 16 एमएमची लॅटरल नळी टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) जागेपासून लक्ष्याच्या रेषेत ताणून टाकतो. या नळीसारखी सरळ आणि स्वस्त खूण दुसरी मिळणार नाही. मोबाईल स्टँडवर लावून बरोबर नळीच्या मागून चित्रण करायचं. वहीत प्रत्येक चेंडूपुढे दोनच अक्षरं: निघाला कुठे (डा, स, उ) आणि वळला कुठे (डा, स, उ). वीस चेंडू झाले की पान स्वतःच बोलायला लागतं.

एक गोष्ट इथेच सांगतो. 45 ग्रॅमचा हा कडक चेंडू दीडशे-पावणेदोनशे मीटर जातो आणि कुठे जाईल याची खात्री नसते, म्हणून तर आपण तपासतोय. शेतात किंवा बांधापलीकडे एकही माणूस, एकही गुरं असेल तर एकही चेंडू मारायचा नाही. शेजारच्या मामांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचं. आमच्याकडे ही शिस्त कुणीही मोडत नाही.

माझ्या पहिल्या पानावर वीसपैकी बारा चेंडूंपुढे "स, उ" किंवा "डा, उ" असं होतं. म्हणजे चेंडू रेषेवर किंवा किंचित डावीकडे निघत होता आणि मग वळून उजवीकडे जात होता. फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघत, राहत असता तर तो मुळातच उजवीकडे निघाला असता. मी मात्र दीड वर्ष फेस उघडा राहतो असं धरून सेटिंगची नळी, म्हणजे स्लीव्ह, फिरवत होतो.

चेंडूवरचा निळा ठिपका

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि तिला खर्च वीस-पंचवीस रुपयांचा. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या. चेंडूवर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा लहान ठिपका गच्च भरा आणि टीवर चेंडू असा ठेवा की ठिपका फेसकडे येईल. मारल्यावर फेसवर निळा डाग उमटतो. फोटो काढा, ओल्या फडक्याने पुसा, पुढचा चेंडू. पर्मनंट मार्कर घेऊ नका, निघता निघत नाही.

पहिल्या दिवशी मी तो फेस हातात धरून बघितलं तेव्हा खरंच सुन्न झालो. फेसच्या मध्यभागी, जिथे आडव्या रेघा मुद्दाम सोडलेल्या असतात, तिथली जागा कोरी करकरीत. डाग सगळे हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (दांडीच्या) बाजूला. फुटपट्टी लावली, मध्यापासून 18 ते 20 मिलिमीटर. वीसपैकी तेरा डाग एका लिंबाएवढ्या जागेत. माझा मार अनियमित नव्हताच. मी अत्यंत नियमितपणे चुकीच्या जागी मारत होतो.

हीलला लागलेल्या चेंडूचं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. हेडचा गुरुत्वमध्य आणि चेंडू लागण्याची जागा एका रेषेत नसली की टकरीत हेड किंचित फिरतं. हेड एका बाजूला फिरलं की त्याला टेकलेला चेंडू उलट्या बाजूला फिरतो, एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखा. म्हणून याला गिअर इफेक्ट म्हणतात. हीलला लागला की चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते, टो-कडे, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाला लागला की डावीकडे. ड्रायव्हरचा फेस आडवा बाहेरच्या बाजूला फुगीर ठेवलेला असतो तो याचसाठी: हीलला लागलेला चेंडू किंचित डावीकडे निघावा आणि वळून रेषेवर यावा. पण त्यात बाहेरून आत (उजवीकडून डावीकडे) येणारा स्विंग मिसळला की वळण इतकं वाढतं की रेषेवर थांबत नाही, सरळ शेजारच्या केळीत जातं.

आता सेटिंगचा हिशेब करून बघा. ज्या ड्रायव्हरमध्ये सरकवायचं वजन असतं, त्यात साधारण 10 ते 15 ग्रॅमचा तुकडा असतो आणि पूर्ण हेड 200 ग्रॅमच्या आसपास. दहा ग्रॅमचा तुकडा टो-कडून हीलकडे 60 मिलिमीटर सरकवला तर गुरुत्वमध्य किती हलेल? दहा गुणिले साठ भागिले दोनशे, म्हणजे 3 मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा उपयोग आहे, मी तो नाकारत नाही. पण तुमचा डाग वीस मिलिमीटर बाजूला पडत असेल तर तीन मिलिमीटरने काय भरून निघणार?

म्हणून डाग मध्यावर येईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. माझ्या बाबतीत कारण साधं निघालं. खाली येताना माझा तोल पायाच्या चवड्यांवर जायचा, शरीर चेंडूकडे झुकायचं, हेड बाहेर ढकललं जायचं आणि हील चेंडूवर यायची. उपायही साधा: उभं राहून हेड चेंडूमागे ठेवलं की त्याच्या टो-पासून दोन बोटं पलीकडे रिकामी काडेपेटी ठेवायची. स्विंगमध्ये हेड बाहेर गेलं की काडेपेटी उडते. पहिल्या दिवशी दहापैकी आठ उडाल्या. तीन आठवड्यांनी दहापैकी दोन. ग्रिप इंचभर खाली धरली की मध्य सापडणं आणखी सोपं होतं. दुकानातले ड्रायव्हर बहुतेक साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास लांब असतात. एवढी लांबी सगळ्यांना झेपतेच असं नाही, आणि इंचभर सोडल्याने जे चार-पाच मीटर जातात ते मध्यावर लागलेला चेंडू परत देतो.

दोन दिवस सरळ का जातो?

याचं उत्तर मिळालं तेव्हा माझा गुंता सुटला.

बहुतेक ड्रायव्हरमध्ये हेडच्या मानेत जी नळी बसते, ती स्लीव्ह, आतून अगदी किंचित तिरकी केलेली असते. ती फिरवून वेगळ्या खणात बसवली की शाफ्ट हेडमध्ये वेगळ्या कोनात शिरतो. म्हणजे फेसचा धातू बदलत नाही, वाकत नाही. बदलतं ते शाफ्ट आणि हेड यांचं नातं. त्यामुळे लॉफ्ट वाढवला की ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर फेस डावीकडे बंद दिसतो, लॉफ्ट घटवला की उजवीकडे उघडा दिसतो. तीन गोष्टी एकाच नळीने एकदम हलतात: लॉफ्ट, फेसचा कोन आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी असलेला कोन). दोन कड्यांच्या काही रचनांत लाय आणि लॉफ्ट वेगवेगळे फिरवता येतात. टायटलिस्ट कंपनीने 2010 मध्ये 910 ड्रायव्हरबरोबर आणलेल्या रचनेत अशा 16 जागा होत्या. पण तिथेही तत्त्व हेच.

आता पुढचं बघा. तुम्ही लॉफ्ट वर घेतला, फेस बंद दिसायला लागला. पहिले दोन दिवस तुम्ही ड्रायव्हर जसा टेकतो तसाच ठेवून मारता, चेंडू डावीकडे निघतो, वळून मध्यावर येतो. तुम्ही खूश. तिसऱ्या दिवसापर्यंत डोळ्याला तो बंद फेस खुपायला लागतो. हात नकळत ग्रिप थोडी फिरवून धरतात, फेस पुन्हा "सरळ" दिसेपर्यंत. त्या क्षणी सेटिंगने बंद केलेला फेस तुम्ही स्वतःच्या हाताने उघडलेला असतो. सेटिंग तीच, आकडा तोच, पण तिचा परिणाम तुमच्या बोटांनी काढून टाकला.

खात्री कशी करायची? घरात शहाबादी फरशी असेल तिच्यावर ड्रायव्हर टेकवा. ग्रिपचं टोक एका बोटाने फक्त तोलून धरा, पिळू नका. फरशीच्या सांध्याच्या रेषेशी फेस किती कोनात आहे त्याचा वरून फोटो घ्या. मग नेहमीसारखे उभे राहा, ग्रिप धरा, हेड चेंडूमागे ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी त्याच जागेवरून दुसरा फोटो घ्यायला सांगा. दोन फोटोंत फेसचा कोन वेगळा दिसला तर उत्तर तुमच्या हातात आहे, शब्दशः. माझी मुलगी फोटो काढत होती. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही दर वेळी फिरवता." मला आजवर कुणी इतकं अचूक निदान सांगितलं नव्हतं.

यात आणखी एक फसगत आहे. बऱ्याच रचनांत स्लीव्ह शाफ्टला चिकटवलेली असते, त्यामुळे स्लीव्ह फिरली की शाफ्ट आणि त्यावरची ग्रिपही फिरते. ग्रिपच्या खालच्या बाजूला बोटांना जाणवणारी उभी कड असेल तर ती कड आता वेगळ्या जागी येते. बोटं कड शोधून तिथेच बसतात आणि अख्खा हात फिरतो. ड्रायव्हर वारंवार फिरवणाऱ्याने बिनकडेची गोल ग्रिप लावून घ्यावी, हे माझं ठाम मत.

लॉफ्ट कमी केला की चेंडू लांब जातो, हा आमच्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. वेगात मारणाऱ्यांचं वेगळं. साधारण वेगाच्या खेळाडूने आकडा 9 वर आणला की चेंडू पुरेसा उचलला जात नाही. शिवाय त्याचा स्लाइस वाढतो. फेस आणि स्विंगची वाट यांच्यातला कोन तोच असला तरी लॉफ्ट कमी असेल तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष जास्त तिरका होतो आणि चेंडू जास्त वळतो. म्हणूनच जास्त लॉफ्टच्या आठ नंबरच्या लोखंडी काठीने चेंडू सरळ जातो आणि ड्रायव्हरने पळतो. स्लाइस असणाऱ्याने लॉफ्ट वर न्यावा: 9 असेल तर 10.5, 10.5 असेल तर 11.5 किंवा 12. आणि तो वर नेल्यावर फेस बंद दिसला तर त्याला तसाच राहू द्यावा. हातांना ही सवय लावायला मला पंधरा दिवस लागले. रोज संध्याकाळी फरशीवर दहा वेळा नुसतं टेकवून उभं राहायचं, मारायचं काही नाही.

उन्हाने आणि मातीने होणारे दोष

डाग मध्यावर, हात जागेवर, तरी चेंडू कधी इकडे कधी तिकडे असं होत असेल तर मग यंत्राकडे वळा. खानदेशात हे दोष जास्त दिसतात, आणि त्यांची कारणं आपलं ऊन आणि आपली काळी माती.

एप्रिल-मेमध्ये जळगावात पारा 44-45 च्या घरात जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. स्लीव्ह शाफ्टला इपॉक्सीने चिकटवलेली असते, ग्रिपखाली चिकट पट्टी असते. तापून तापून चिकटवण मऊ पडली की शाफ्ट स्लीव्हमध्ये केसभर फिरतो. डोळ्याला दिसत नाही. मी यासाठी चंदेरी पेनने शाफ्टवर आणि स्लीव्हवर मिळून एकच बारीक उभी रेघ मारून ठेवली आहे. दर रविवारी बघतो. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकलेले दिसले तर त्या दिवसापासून तो ड्रायव्हर बंद, आधी पुन्हा चिकटवून घ्यायचा. माझ्या एका ड्रायव्हरची रेघ एका मे महिन्यात सरकली होती आणि तोवर मी तीन आठवडे स्विंगलाच दोष देत होतो. ड्रायव्हर घरात ठेवा, डिकीत नको. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

स्क्रूचा दोष आवाजावरून कळतो. टकरीच्या आवाजात बारीक "टक्" मिसळली, किंवा हेड हलवल्यावर मानेत कुरकुर लागली, की स्क्रू ढिला आहे किंवा स्लीव्ह पूर्ण बसलेली नाही. स्लीव्हची कड आणि हेडची मान यांच्या फटीत वहीचा कागद शिरवून बघा. कागद शिरला तर ती बसलेली नाही. स्क्रू पूर्ण काढा, स्लीव्हचे दाते आणि स्क्रूचे आटे कोरड्या टूथब्रशने साफ करा. आपली काळी माती सुकली की पिठासारखी होते आणि आट्यांत जाऊन बसते. तेल, ग्रीस, डिंक काहीही लावू नका. मग शाफ्ट हेडमध्ये दाबून धरून स्क्रू कंपनीच्या टॉर्क पान्यानेच आवळा. हा पाना बहुतेक 40 इंच-पाउंडांच्या आसपास, म्हणजे साडेचार न्यूटन-मीटरला "कट्" असा आवाज करतो. तो आवाज आला की थांबायचं. गॅरेजमधल्या लांब टी-पान्याने आवळणाऱ्यांना हात जोडून सांगतो, थांबा. त्याने दाते चेपतात आणि एकदा चेपले की कुठलीच सेटिंग खरी राहत नाही.

हेडच्या आत खडखड वाजत असेल तर बहुधा आतला गोंदाचा तुकडा सुटलेला असतो. त्रासदायक, पण चेंडू त्याने वळत नाही.

जुना ड्रायव्हर विकत घेणाऱ्यांनी स्लीव्ह कोणत्या कंपनीची आणि कोणत्या पिढीची आहे ते जरूर विचारावं. एका कंपनीची स्लीव्ह दुसरीच्या हेडात चालत नाही, आणि एकाच कंपनीतही पिढ्या बदलल्या की कधी कधी जुळत नाहीत. मला एका विक्रेत्याने शाफ्ट पाठवला, त्याला बसवलेली स्लीव्ह दिसायला तशीच, पण जरा आखूड. स्क्रू लागायचा, कागद मात्र शिरायचा. पैसे परत मिळायला दोन महिने गेले.

नवा ड्रायव्हर खरंच सरस आहे का, हे कसं ठरवायचं

इतकं सगळं करूनही प्रश्न उरला, तेव्हा कुठे ड्रायव्हर बदलायचा विचार. इथे माझी एक जुनी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एका मोठ्या शहरातल्या दुकानात मला नवा ड्रायव्हर दाखवला. माझ्या जुन्याने मी रेंजचे (सरावाच्या जागेचे) घासलेले चेंडू मारले, नव्याने मारायला त्यांनी कोरे चेंडू दिले. पडद्यावर वीस मीटरचा फरक दिसला आणि मी पैसे मोजले. शेतात आणून दोन्हींनी एकसारखे चेंडू मारले तेव्हा अंतर जवळजवळ तेवढंच निघालं. रेंजचे चेंडू बहुतेक कमी उडतात. चेंडू एक नसेल तर तुलनाच होत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. एकाच प्रकारचे बारा चेंडू. तीन ड्रायव्हर असतील तर पहिल्याने पाच, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने पाच, मग उलट: तिसऱ्याने पाच, दुसऱ्याने पाच, पहिल्याने पाच. सगळे वीस एकाने मारून मग दुसरा घेतला तर पहिल्याला ताजे हात मिळतात आणि दुसऱ्याला दमलेले, किंवा पहिल्याला थंड अंग आणि दुसऱ्याला तापलेलं. आलटून पालटून मारल्याने तो फरक दोन्हीकडे वाटला जातो. एका सकाळी तीस फटके पुरेत. दुसऱ्या सकाळी तेच पुन्हा. प्रत्येक ड्रायव्हरचे वीस आकडे झाले की मगच तोंड उघडायचं.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. दुपारनंतर पश्चिमेकडून गरम वारा सुटतो आणि मग तुम्ही ड्रायव्हर नव्हे, वारा मोजता. जानेवारीतल्या 12 अंशांच्या पहाटेचे आकडे मेमधल्या 45 अंशांच्या आकड्यांशी लावू नका. तेवढ्या तापमान-फरकाने हवा साधारण दहा टक्के विरळ होते. गार चेंडूही मेल्यासारखा निघतो. तुलना करायची ती एकाच आठवड्यात.

नळीपासून किती पावलं डावीकडे किंवा उजवीकडे, आणि टीपासून किती पावलं पुढे, एवढंच लिहायचं. आमच्या रानात उन्हाळ्यात भेगा इतक्या रुंद पडतात की पांढरा चेंडू पडलेला दिसतो आणि जागेवर जाईपर्यंत भेगेत गडप. भगवे चेंडू घ्या, आणि वीस-वीस मीटरवर बांबूच्या काड्या रोवा. वाईट मार गाळायचा नाही. वाईट मार हाच तर आपला विषय आहे. वीस आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची सरासरी घ्या, ते तुमचं खरं अंतर. सगळ्यात लांब गेलेला एक चेंडू मनाला गोड लागतो, पण त्याच्यावर खरेदी करू नये. रुंदी मोजताना वीसपैकी सोळा चेंडू किती पावलांच्या पट्ट्यात पडले ते बघा. माझ्या तीन ड्रायव्हरमध्ये अंतराचा फरक होता चार-पाच पावलांचा. रुंदीचा फरक होता जवळपास दीडपट. निर्णय रुंदीवर झाला.

तुलनेच्या दिवशी एका वेळी एकच गोष्ट बदला. लॉफ्ट बदलला तर वजन जागेवर, वजन सरकवलं तर लॉफ्ट जागेवर. शाफ्ट वेगळे असतील तर लक्षात ठेवा की तुम्ही हेडची तुलना करत नाही आहात, पूर्ण काठीची करताय. हेडवर छापलेल्या लॉफ्टवरही फार विसंबू नका, छापील आणि खऱ्या आकड्यात एखादा अंश इकडेतिकडे असू शकतो. म्हणून तर आपण शेतात उभे आहोत.

पुण्याला किंवा मुंबईकडे जाणं होत असेल तर लाँच मॉनिटरवर एक तास जरूर घ्या. तिथे चेंडूचा वेग, निघण्याचा कोन आणि फिरकी तीनही कळतात. फक्त आपला ड्रायव्हर आणि आपले चेंडू बरोबर न्या, आणि मार्कर विसरू नका.

मैदानावरचा नियम

हा मुद्दा छोटा आहे, पण चुकला तर महागात पडतो. स्लीव्ह फिरवता येणारे ड्रायव्हर नियमात बसायला लागले ते 1 जानेवारी 2008 पासून. त्याआधी 2004 मध्ये टेलरमेड कंपनीच्या आर7 क्वाड ड्रायव्हरमध्ये चार जागी वजनं बदलता येत होती. फिरवता येणं चालतं, पण फेरी सुरू झाल्यावर फिरवणं चालत नाही. फेरीदरम्यान सेटिंग मुद्दाम बदलली आणि त्या ड्रायव्हरने फटका मारला तर खेळाडू बाद. चुकून बदललीच तर फटका मारण्याआधी मूळ जागी आणून ठेवा, मग हरकत नाही. आमच्यातला एकजण पहिल्यांदा पुण्यात स्पर्धेला गेला तेव्हा चौथ्या होलवर पाना काढत होता. सोबतच्या काकांनी वेळेवर हात धरला. पाना गाडीत ठेवून मैदानावर जा.

आणि एक गोष्ट पान्याने सुटणारी नाहीच. वहीत "डा, उ" येत असेल, डाग मध्यावर असेल, हात फिरत नसतील, रेघ जुळत असेल, तर तुमचा स्विंग बाहेरून आत येतोय. अशा वेळी लॉफ्ट आणखी वर नेला की चेंडू आणखी डावीकडे निघतो, स्विंगची वाट मात्र तीच राहते. तिथे प्रशिक्षकाकडे जायचं. दोन तासांच्या शिकवणीचा खर्च नव्या ड्रायव्हरच्या कितीतरी खाली असतो.

माझा ड्रायव्हर सध्या 11.5 वर आहे, वजन हीलकडे, ग्रिप इंचभर खाली. गेल्या रविवारच्या वीस डागांतले चौदा मध्यावर होते. दोन काडेपेट्या उडाल्या. चंदेरी रेघ जुळलेली आहे. रोहिणीचा पाऊस झाला की या तुकड्यात पुन्हा कापूस लागेल आणि दिवाळीनंतरपर्यंत गोठ्यामागच्या जाळीत सराव करावा लागेल. तिथे चेंडू कुठे वळला ते दिसणार नाही, पण निळा डाग दिसेल.